फलकावर लावण्याआधी

नाशिक जिल्ह्यातील कांदापट्ट्यात असलेल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी मोठे पत्र पाठवले आहे. त्याचा सारांश असा : त्यांच्या वाचनकक्षात सात दैनिके येतात, पण सकाळी ती वाचायला येणारी माणसे पाहता पाहता निम्म्यावर आली. कार्यकारिणीतील एका तरुण सभासदाने सुचवले, की जिल्ह्यातील एका मराठी वृत्तसंकेतस्थळाच्या निवडक बातम्या रोज छापून दर्शनी फलकावर लावाव्यात आणि वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही टाकाव्यात. त्यासाठी संकेतस्थळाचे चालक काही पैसे मागत नाहीत. बैठकीत यावरून जुंपली. एका ज्येष्ठ सभासदांच्या मते ते पोर्टल ‘विकले गेलेले’ आहे, तर दुसऱ्यांच्या मते ‘खरे बोलणारे तेवढेच उरले आहे’. तरुण सभासदाने एका अमेरिकी मूल्यमापन संकेतस्थळावर शोधून पाहिले, तर तिथे या पोर्टलचे नावही नाही. कार्यवाह लिहितात : “मला स्वतःला ते पोर्टल आवडत नाही, पण का आवडत नाही, असे कोणी विचारले तर मला धड सांगता येत नाही. ते पक्षपाती आहे का आणि विश्वासार्ह आहे का, हे आमच्यासारख्यांनी ठरवायचे कसे? महिनाअखेरीस पुन्हा बैठक आहे.”

कार्यवाह महोदय,

स.न.वि.वि.

आपण एका वाक्यात दोन प्रश्न विचारले आहेत आणि आपल्या बैठकीत जी जुंपली ती बहुधा या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच. पोर्टलचा कल कोणाकडे आहे, हा एक प्रश्न. त्याने दिलेली माहिती खरी असते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप मिळते, असे आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात उघडपणे एका बाजूचे असूनही आकड्याला पक्के असलेले वृत्तपत्र असू शकते, आणि कोणत्याच बाजूचे नसलेले, पण निव्वळ आळसामुळे रोज चुकीचे छापणारेही असू शकते. माझ्या नोकरीच्या काळात मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि वाचकाचे अधिक नुकसान दुसऱ्याने केले, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला कल असलेले वृत्तपत्र नवे नाही. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१मध्ये ‘केसरी’ एका बाजूला आणि आगरकरांचा ‘सुधारक’ दुसऱ्या बाजूला उभा होता, आणि दोन्ही पत्रांच्या वर्गणीदारांना आपण कोणाचे वाचतो आहोत हे ठाऊक होते. अलीकडचे पाहायचे तर ‘सामना’ १९८८मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच निघाला, ‘प्रहार’ नारायण राणे यांनी २००८मध्ये सुरू केला, ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबातील मंडळी काँग्रेसकडून मंत्री आणि खासदार झाली, ‘सकाळ’ समूहाचे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू, नागपूरच्या ‘तरुण भारत’ची संघविचारांशी असलेली जवळीक तर त्या पत्राने कधी झाकून ठेवलेली नाही. आपल्या वाचनकक्षात येणारा जुना वाचक हे सगळे जाणतो आणि त्या हिशेबाने वजा-अधिक करून वाचतो. पोर्टलची खरी अडचण त्याला कल आहे ही नसून वाचकाला वजा-अधिक करायला आधारच मिळत नाही ही आहे, कारण मालक कोण, पैसा कुठून येतो आणि बातमी लिहिणारा कोण, यांपैकी काहीच समोर नसते.

कलाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढताना डॉ. आंबेडकरांनी त्या काळच्या वृत्तपत्रांवर घेतलेला मुख्य आक्षेप असा होता, की ती विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करत नाहीत. छापलेले सगळे खरे असूनही एखादे पत्र पक्षपाती असू शकते, ते असे, न छापलेल्या मजकुरातून. म्हणून फक्त पोर्टलवरची पाने वाचून त्याच्या कलाचा निवाडा करता येणार नाही. त्या दिवशी जिल्ह्यात काय घडले होते हे आधी दुसरीकडून माहीत असावे लागते, आणि सुदैवाने आपल्या वाचनकक्षात त्यासाठी सात दैनिके आहेत.

आता आपल्या नावडीविषयी. ती आपण मोकळेपणाने कबूल केलीत याचे मला कौतुक वाटले, कारण येथूनच सुरुवात करावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२च्या बैरूतमधील हत्याकांडाविषयीच्या दूरचित्रवाणीवरील त्याच बातम्या त्यांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक अशा दोन्ही विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या बातम्या आपल्या बाजूवर अन्याय करणाऱ्या वाटल्या. चित्रफीत एकच, तक्रार मात्र दोन्हीकडून. आपल्या बैठकीतील दोन ज्येष्ठ सभासदांचे पूर्ण उलटे निष्कर्ष मला म्हणूनच फारसे आश्चर्याचे वाटत नाहीत. एखादी बातमी वाचून राग आला तर तो राग बातमीवर आहे की बातमीत सांगितलेल्या घटनेवर, एवढे स्वतःला विचारावे. हातात पेन्सिल घेऊन आपल्याला न पटलेल्या वाक्यांखाली एक रेघ आणि चुकीच्या वाटलेल्या वाक्यांखाली दोन रेघा मारत गेल्यास, दोन रेघा अपेक्षेपेक्षा कमी पडतात, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकी मूल्यमापन संकेतस्थळावर हे पोर्टल सापडले नाही याची चिंता करू नये. ऑलसाइड्स, मीडिया बायस फॅक्ट चेक यांसारखी संकेतस्थळे डावे-उजवे अशा पट्टीवर माध्यमांना बसवतात, आणि ती पट्टी तिकडच्या दोन पक्षांच्या राजकारणातून आलेली आहे. महाराष्ट्रातील जिल्हा पातळीवरचे पोर्टल डावे की उजवे हे विचारून आपल्या हाती फारसे लागणार नाही. इथे प्रश्न असतात ते बाजार समिती कोणाच्या ताब्यात आहे, कारखान्याच्या निवडणुकीत पोर्टलचा मालक कोणत्या पॅनेलबरोबर होता, आरक्षणाच्या आंदोलनात कोणाच्या सभेला किती जागा मिळाली आणि पाण्याच्या आवर्तनाच्या वादात कोणत्या तालुक्याची बाजू मांडली गेली, असे. शिवाय आपल्याकडे पट्टीच जागेवर राहत नाही. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. त्यामुळे कालपर्यंत एकमेकांवर तुटून पडणारे नेते एका मंत्रिमंडळात बसले. पोर्टल त्याआधीपासून चालू असेल तर ही फार सोयीची कसोटी आहे. आपल्या जिल्ह्यातील अशा एखाद्या नेत्याचे नाव पोर्टलच्या शोधपेटीत टाकावे आणि त्या तारखांच्या आधीच्या सहा महिन्यांतील व नंतरच्या सहा महिन्यांतील मथळे समोरासमोर ठेवून वाचावेत. नेता बदलला तशी भाषाही बदलली, आधीच्या आरोपांचे पुढे काय झाले याची वाच्यता थांबली, असे दिसले तर पोर्टलचा कल विचारापेक्षा सत्तेकडे आहे असे समजायला हरकत नाही. उलट दोन्ही काळांत तोच प्रश्न तितक्याच नेटाने विचारलेला दिसला, तर ती मोठी जमेची बाजू मानावी, मग आपल्याला त्या पोर्टलचे अग्रलेख आवडोत न आवडोत.

आपल्याकडे मात्र याहूनही चांगली कसोटी आहे आणि ती आपल्या सभासदांच्या कांदाचाळींत पडलेली आहे. ज्या विषयातले आपल्याला स्वतःला कळते, त्या विषयावर माध्यमाला तपासावे. आणि कांद्याविषयी आपल्या गावाला जितके कळते तितके मुंबईच्या कोणत्याही संपादकाला कळत नाही. गेल्या काही वर्षांतील तारखा आपल्या सभासदांना तोंडपाठ असतील, तरी लिहून ठेवतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्यानंतर जिल्ह्यातील बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून कमी दराने निर्यात करता येणार नाही अशी मर्यादा, आले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती आधी ३१ मार्चपर्यंत होती आणि नंतर वाढवली गेली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींवर. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य काढले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. १ एप्रिल २०२५पासून शुल्कही गेले.

यातील ४ मेचा दिवस घ्या. दिंडोरी, नाशिक आणि धुळे या मतदारसंघांत २० मे रोजी मतदान व्हायचे होते, म्हणजे घोषणा आणि मतदान यांत जेमतेम सोळा दिवसांचे अंतर होते. त्या दिवसासाठी तीन मथळे मी स्वतःच रचून पाहिले. ‘कांदा उत्पादकांना दिलासा, निर्यातबंदी अखेर उठली’ हा पहिला. ‘निर्यात खुली, पण ४० टक्के शुल्काचा अडथळा कायम’ हा दुसरा. ‘मतदान तोंडावर येताच सरकारला कांदा आठवला’ हा तिसरा. पहिल्या दोघांत खोटे काहीच नाही. पहिला सरकारच्या बाजूला झुकतो, दुसरा शेतकऱ्याच्या बाजूने बघतो. तिसरा ही मुळात बातमी नाही, ते मत आहे; ते संपादकीय पानावर शोभले असते. आता पोर्टलने यांपैकी कोणता किंवा कोणासारखा मथळा दिला होता, हे पाहून कल कळेल. पण विश्वासार्हता मथळ्यात सापडणार नाही, त्यासाठी मजकुरात उतरावे लागेल.

मजकुरात काय शोधायचे? ५५० डॉलर आणि ४० टक्के हे दोन्ही आकडे आहेत का, आणि ते पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात आहेत की शेपटाला? दोन्ही एकत्र धरले तर शुल्कासह टनाला ७७० डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने किलोला सुमारे चौसष्ट रुपये पडतात, हा हिशेब कोणी करून दाखवला आहे का? पहिला मथळा देऊनही ज्याने हा हिशेब मजकुरात दिला, त्याला मी झुकलेला पण भरवशाचा म्हणेन. दुसरा, शेतकऱ्याच्या बाजूचा मथळा देऊन ज्याने शुल्काचा आकडाच चुकवला, त्याच्याविषयी सहानुभूती वाटली तरी त्याला भरवशाचा म्हणता येणार नाही. पुढे पाहावे, की ज्या अधिसूचनेवरून ही बातमी आली ती विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना मूळ स्वरूपात जोडली आहे का. छापील वृत्तपत्राला ती जोडता येत नाही. पोर्टलला एका दुव्यावर ते करता येते आणि तरीही ते केले नसेल तर पोर्टल आपली एकमेव मोठी सोय वाया घालवत आहे. मग बोललेली माणसे. लासलगावचा व्यापारी, शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता, निर्यातदार, सत्ताधारी आमदार आणि विरोधी उमेदवार यांपैकी कोणाचे नावानिशी म्हणणे आहे आणि कोणाचे फक्त ‘सूत्रांनी सांगितले’ असे? सूत्रे लागतात, मी स्वतः वापरली आहेत. पण बाजारभाव, शुल्क आणि तारीख यांसाठी कोणी सूत्रांचा हवाला देत असेल तर त्याने फोन केलेला नाही, असे खुशाल समजावे.

आणि शेवटी सप्टेंबर २०२४ व एप्रिल २०२५ यांच्या बातम्या पोर्टलवर आहेत का ते पाहावे. मे महिन्यात मोठ्याने ओरडणारे आणि सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी, शुल्क अर्धे झाले तेव्हा गप्प राहिलेले पोर्टल, आणि याच्या उलट वागलेले पोर्टल, ही दोन्ही एकाच माळेचे मणी. या पाच-सहा तारखांच्या बातम्या छापून काढायला एक दुपार पुरेल. शेजारी आपल्या दैनिकांच्या त्याच दिवसांच्या फायली ठेवाव्यात. ज्या वाचनालयाने जुने अंक रद्दीत घातले नाहीत, त्याला याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

मालकीकडे वळतो. दरवर्षी मार्चच्या सुमारास मराठी नियतकालिकांत ‘नमुना ४, नियम ८ पाहा’ अशी एक कंटाळवाणी चौकट छापली जात आली आहे. त्यात प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्यांची नावे असतात. आपल्या वाचकांपैकी क्वचितच कोणी ती वाचत असेल, पण ती चौकट म्हणजे वृत्तपत्राने लोकांना दिलेला सातबारा आहे. पोर्टलला असा सातबारा द्यावा लागत नाही. म्हणून ‘आमच्याविषयी’ हे पान उघडावे. ‘निर्भीड, निःपक्ष आणि सत्याचा आवाज’ एवढेच असेल तर ते पान रिकामे समजावे. संपादकाचे नाव, कार्यालयाचा पत्ता, चालवणाऱ्या कंपनीचे नाव आणि तक्रार कोणाकडे करायची हे हवे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमण्याची आणि पंधरा दिवसांत तक्रारीवर निर्णय देण्याची तरतूद आली. त्या नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये स्थगिती दिली. त्यामुळे तक्रार अधिकाऱ्याचे नाव ही मी कायदेशीर कसोटी म्हणून सांगत नाही. दार ठोठावायला कडी आहे की नाही, इतकेच पाहायला सांगतो.

कंपनीचे नाव मिळाले, तर केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी नोंदली आणि तिचे संचालक कोण हे पाहता येते. फेसबुकवरील पृष्ठाच्या पारदर्शकता विभागात ते पृष्ठ कधी सुरू झाले आणि पूर्वी त्याचे नाव काय होते हे दिसते. आज ‘जिल्हा वार्ता’ म्हणवणारे पृष्ठ कालपरवापर्यंत ‘अमुक दादा समर्थक मंच’ होते, असे एकदा दिसले की पुढची चर्चा थोडक्यात आटोपते. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरात संग्रहात राजकीय जाहिरातींचे पैसे कोणी भरले याची नोंद असते, तीही पाहावी.

हे सगळे पोर्टलच्या बाहेर जाऊन करायचे आहे, यावर मी मुद्दाम भर देतो. स्टॅनफर्डमधीलच सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्र्यू यांनी २०१७मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे अशा तिघांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते संकेतस्थळच वरून खाली वाचत बसले आणि देखणे बोधचिन्ह, संदर्भांची यादी यांना भुलले. पडताळणी करणाऱ्यांनी ते पान जवळजवळ लगेच सोडले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि या लोकांविषयी इतर काय म्हणतात ते आधी शोधले. ते थोड्या वेळात योग्य उत्तराला पोचले. स्थळ सांगून आल्यावर मुलाकडचे काय म्हणतात यापेक्षा त्यांच्या गावात चौकशी करणे आपण अधिक भरवशाचे मानतो, त्यातलाच हा प्रकार. चौकशी न केल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रुसेल्समधील ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने २०१९मध्ये उघड केले : ६५हून अधिक देशांत पसरलेली २६५ बनावट स्थानिक वृत्तसंकेतस्थळे, काही तर बंद पडलेल्या जुन्या वृत्तपत्रांच्या नावाने चाललेली, आणि त्यांचे धागे भारतातील एका समूहापर्यंत जाणारे. पाने देखणीच होती.

फुकट मिळणाऱ्या मजकुराबाबत थोडे सावध असावे. चालक पैसे मागत नाहीत, हे चांगलेच. पण मग त्यांचा खर्च कोण भागवतो, हा प्रश्न उद्धटपणा न मानता लेखी विचारावा. २००९च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला तो तेव्हा. पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने त्यावर २०१०मध्ये अहवाल तयार केला, पण परिषदेने तो पूर्ण स्वरूपात लगेच प्रसिद्ध केला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. त्या दैनिकांना निदान नोंदणी, पत्ता आणि परिषद होती. पोर्टल या परिषदेच्या कक्षेतही येत नाही.

विकत घेतलेली बातमी ओळखण्याचा साधा मार्ग साईनाथांनीच वापरला होता, तो म्हणजे दोन मजकूर शेजारी ठेवणे. पोर्टलवरील एखाद्या गोडगोड बातमीतील एक लांबलचक वाक्य उचलावे, अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. तेच वाक्य आणखी चार पोर्टलांवर सापडले तर ते कोणाच्या तरी कार्यालयातून आलेले प्रसिद्धिपत्रक आहे. राज्य सरकारच्या बाबतीत तर ‘महासंवाद’ या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मूळच सापडते. प्रसिद्धिपत्रक छापणे हा गुन्हा नाही, जिल्ह्याची अर्धी दैनिके त्यावरच उभी आहेत. मात्र त्यावर ‘विशेष प्रतिनिधी’ असे चढवले असेल, तर ती वाचकाची फसवणूक आहे.

एका गोष्टीची खात्री मात्र दोष देण्यापूर्वी करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे, पोर्टलचे बोधचिन्ह असलेले प्रत्येक चित्र त्या पोर्टलचेच असते असे नाही. निवडणुकीच्या दिवसांत माध्यमांची बोधचिन्हे चिकटवलेली बनावट कार्डे सर्रास फिरतात. आपल्या ज्येष्ठ सभासदांनी ‘विकले गेलेले’ हा निर्णय कशावरून घेतला ते विचारावे. एखाद्या कार्डावरून घेतला असेल तर ती बातमी पोर्टलवर खरोखर होती का, हे आधी पाहावे. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांसारख्या पडताळणी संस्था मराठीतही काम करतात, त्यांच्याकडे पोर्टलचे नाव टाकूनही शोधता येईल.

माझी स्वतःची सर्वांत आवडती कसोटी शेवटी ठेवली आहे : चूक झाली की हे लोक काय करतात? मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत रात्रपाळीचा उपसंपादक असताना बाजारभावाच्या तक्त्यात किमान आणि कमाल हे दोन रकाने माझ्या हातून उलटे लागले. सकाळी सातला एका शेतकऱ्याचा फोन आला, तो रागावलेला नव्हता, नुसता चकित झाला होता. दिलगिरी तिसऱ्या दिवशी सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, दोन ओळींत आली. उशीर झाला आणि जागाही चोरून दिली, याची मला अजून लाज वाटते. पण तो अंक आजही कुठल्या तरी वाचनालयात आहे, त्यात माझी चूकही आहे आणि दिलगिरीही. पोर्टलवर चूक पुसून टाकता येते, मागमूस न ठेवता. म्हणून ‘अद्ययावत’ या शब्दापुढे काय बदलले हे लिहिले आहे का, जुन्या बातम्यांत शुद्धिपत्रे सापडतात का, हे पाहावे. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर पोर्टलचा पत्ता टाकला तर काही पानांच्या जुन्या प्रती मिळतात, वादग्रस्त बातमीची जुनी आणि आजची प्रत ताडून पाहावी. आणि हे सगळे नको असेल तर सरळ एक चूक दाखवून पोर्टलला पत्र पाठवावे. कोण उत्तर देते, किती दिवसांनी देते आणि कोणत्या भाषेत देते, यावरून मला तरी एखाद्या वृत्तसंस्थेची पारख होते. एकही शुद्धिपत्र नसलेले पोर्टल निर्दोष असते, असे मी मानत नाही.

आता फलकाचे. एका बैठकीत हो-नाही करण्याऐवजी एक महिना प्रयोग करावा आणि तोपर्यंत चालकांना होकार कळवू नये. महिनाभर रोज पोर्टलच्या दोन बातम्या निवडून, त्याच विषयावरील दैनिकाचे कात्रण शेजारी लावून, त्या दोन्ही वाचनकक्षातील टेबलावर ठेवाव्यात. दर्शनी फलकावर नाही. प्रत्येकावर तारीख, वेळ, पूर्ण दुवा आणि ‘बातमी’, ‘मत’ की ‘प्रसिद्धिपत्रक’ हे कोणी तरी हाताने लिहावे, कारण मोबाइलवर हे तिन्ही एकाच रांगेत, एकाच टंकात दिसतात. व्हॉट्सअ‍ॅप गटावर चित्रे टाकू नयेत, दुवेच टाकावेत. आपले वाचनालय शासनाचे अनुदान घेत असेल तर निवडणुकीची आचारसंहिता लागल्यापासून मतमोजणीपर्यंत हा उपक्रम पूर्ण थांबवावा, आणि पुढे कधी फलकावर लावायचे ठरलेच, तर पोर्टलचे नाव दुव्यापुरतेच असावे, मोठे बोधचिन्ह नको.

तरुण सभासदाचे पोर्टलच्या चालकांशी नाते किंवा व्यवहार असेल तर त्याने निवडीच्या कामात राहू नये, एवढे त्याला सौम्यपणे सांगावे. सूचना त्याने केली म्हणून लगेच संशय घेण्याचे कारण नाही. दोघा ज्येष्ठांना मात्र काम द्यावे. पोर्टलला विकलेले म्हणणाऱ्यांनी महिनाभरात त्यातील पाच नीट केलेल्या बातम्या शोधून आणाव्यात आणि एकमेव खरे म्हणणाऱ्यांनी पाच चुका. दोघांनी एकमेकांच्या नोंदी तपासून खाली सह्या कराव्यात, आणि कांद्याच्या तारखांची ती दुपार दोघांना एकाच टेबलावर बसवून आपण स्वतः त्यांच्यासाठी चहा सांगावा. नोंदींसाठी नवे रजिस्टर विकत घेऊ नये. आपल्याकडे जुन्या दाखलनोंद वहीची कोरी पाने उरलेली असतीलच.

आपला,
सदरलेखक